तपासनीस बाईंची ओटी

आम्ही आठ जणी रत्नागिरीजवळ आमसुलं करतो. रतांबे फोडताना हात लाल होतात आणि जिभा मोकळ्या सुटतात, त्यामुळे किस्से साठतच जातात. त्यातले हे लाचेचे!

*

आमसुलं विकायच्या लायसनसाठी सरकारी ऑफिसात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "वहिनी, काहीतरी बघा." आम्ही ठरवलं, एक रुपया द्यायचा नाही. रोज दोघी जणी टोपली घेऊन ऑफिसच्या बाकावर आमसुलं निवडत बसलो. आठव्या दिवशी साहेब ओरडले, "सही घ्या, पण हा आंबट वास बाहेर न्या!"

*

आमच्यातल्या नंदाचा भाऊ मुंबईहून आला होता. "जास्त फी भरली, पासपोर्ट लगेच आला!"

शेवंतीकाकू म्हणाल्या, "म्हणजे लाचच की रे!"

"नाही हो काकू, तत्काळ. पावती मिळते."

"मग आपल्या साहेबांनाही एक पावतीपुस्तक छापून दे!"

*

मग जर्मनीहून हेल्गाबाई तपासणीला आल्या. त्यांच्या कंपनीने सर्टिफिकेट दिलं, तरच आमची पहिली परदेशी ऑर्डर जाणार होती. बाईंनी चहा नाही, शहाळंसुद्धा घेतलं नाही. सोबतची दुभाषी मुलगी म्हणाली, "तपासायला गेल्यावर खाल्लं की मिंधेपण येतं, असं त्यांच्यात मानतात."

काकू फणकारल्या, "आमच्यात न खाता गेलं की वैर येतं!"

*

बाईंनी नावं लिहून घेतली. माझी जाऊ, नंदाची नणंद, काकूंची सून... "सगळ्या नात्यातल्याच कशा?"

"परक्यांवर भरवसा कसा ठेवणार?" काकू म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे नातलगांवर ठेवत नाहीत!"

*

बाई निघाल्या. मी अडवेपर्यंत काकूंनी त्यांची ओटी भरलीसुद्धा! खण, नारळ, तांदूळ. रीतीप्रमाणे चार दाणे परतही घेतले. बाईंनी गाडीत बसताच सगळं वहीत टिपलं.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. सर्टिफिकेट थांबवलं होतं. "तपासनिसांना भेट दिलीत का? बदल्यात काय मिळालं?"

नंदा घाबरली. "ती रीत आहे, भेट नाही. काही दिलं नाही, असंच लिही गो!"

मी म्हटलं, "आठ दिवस त्या बाकावर बसलो, ते आता खोटं लिहायला? ऑर्डर गेली तर जाऊ दे." आणि लिहिलं, 'खण, नारळ, तांदूळ दिले. बदल्यात चार दाणे तांदूळ मिळाले.'

महिन्याने सर्टिफिकेट आलं. सोबत नव्या नियमांचा कागद होता. त्यातला शेवटचा नियम: 'तपासनिसांनी परत दिलेल्या तांदळाची नोंद वजनासह करावी.'