पाठमोरेकाकांची माकडं

पाठमोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जंगलातल्या देवळाचे ते राखणदार होते आणि आल्यागेल्याला एकच सांगायचे, "पाठ करून बसा." म्हणून लोकांनी त्यांना पाठमोरेकाका करून टाकलं, आणि त्यांनीही ते निमूट चालवून घेतलं.

त्या देवळात माणसांपेक्षा माकडं जास्त. चाळीसेक तरी असतील. एखाद्यानं कुणाचा चष्मा किंवा पिशवी पळवली की लोक आरडाओरडा करायचे, दगड शोधायचे. मग काका काठी आपटत यायचे. ती काठी फक्त आपटायला होती, बावीस वर्षांत कुणाच्या अंगाला लागली नव्हती. काका त्या माणसाला पायरीवर बसवायचे, तोंड भिंतीकडे. त्यांचं म्हणणं असं, की माकडाला वस्तू नको असते, तुमची धावपळ बघायची असते. कुणी ढुंकूनही बघत नाही म्हटल्यावर ते अर्ध्या तासात कंटाळतं आणि वस्तू टाकून चालू लागतं. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. आवारात माकडांना काहीही खायला द्यायचं नाही. वस्तूच्या बदल्यात खाणं मिळतं हे त्यांना एकदा कळलं, की देवळाला कुलूप लावून घरी जा, असं ते म्हणत.

मी तिथे गेलो तो देवळाची वायरिंग बदलायला. बारा दिवसांचं काम होतं. काकांची आणि माझी दुसऱ्याच दिवशी गट्टी जमली, कारण माझ्यासारखा बडबड्या त्यांना भेटला नव्हता आणि त्यांच्यासारखा ऐकून घेणारा मला. दुपारी काकू जंगलातून तासभर चालत त्यांचा डबा घेऊन यायच्या. चौथ्या दिवसापासून त्यात माझाही वाटा असायचा. एक लंगडी माकडीण समोर येऊन बसायची. काकू रोज विचारायच्या, एक घास टाकू का हिला? काका रोज नाही म्हणायचे. काकू तोंड पाडून डबा बंद करायच्या. लंगडीला मात्र त्यांनी कधी शीत टाकलेलं मी पाहिलं नाही.

आता माझं सांगतो. मला थांबता येत नाही. दूध तापायची वाट बघवत नाही म्हणून मी गॅस मोठा करतो आणि मग ओटा पुसत बसतो. त्या आठवड्यात एका दांडग्या माकडानं माझी पक्कड दोनदा पळवली होती आणि दोन्ही वेळा मी शाळेतल्या ढ पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. नवव्या दिवशी सकाळपासून कंत्राटदाराचे फोनवर फोन. काका खाली ओढ्यावर पाणी आणायला गेलेले. मी शिडीवर, तारा उघड्या, आणि त्या दांडग्यानं तिसऱ्यांदा पक्कड उचलली. माझं डोकं फिरलं. पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, तो मी उघडून पुढे धरला. त्यानं पक्कड टाकली, पुडा घेतला आणि झाडावर गेला. दहा सेकंदांत काम फत्ते. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच हसलो. बावीस वर्षं हा माणूस उगाच लोकांना भिंतीकडे बसवतोय, असंही मनात येऊन गेलं.

पुढचे तीन दिवस मी रोज एक पुडा नेत होतो. काका पाण्याला गेले की आमचा सौदा व्हायचा. शेवटच्या दिवशी दांडग्याबरोबर आणखी पाचसहा जण येऊन बसले होते. वेष्टनं मी नीट गोळा करून खिशात घातली. म्हणजे आपण चुकतोय हे मला तेव्हाही ठाऊक होतं. काम संपलं, काकांनी देवळाचे नवे दिवे लावून बघितले, माझ्या पाठीवर हात फिरवला, आणि मी तिथून निघालो.

दीड वर्षानं एका पाइपच्या कारखान्यात मला पॅनेल दुरुस्त करायला बोलावलं होतं. फाटकावर निळ्या गणवेशात, छातीवर शिट्टी अडकवून, काका बसलेले. त्यांनीच मला ओळखलं. नोकरी कशी सुटली ते त्यांनी आपणहून सांगितलं. मी गेल्यावर महिन्याभरातच माकडं बिघडली. चष्मे, पर्सेस, चपला, जे हाताला लागेल ते उचलून समोर बसायची आणि खाणं मिळेपर्यंत सोडायची नाहीत. लोक पाठ करून बसले की मागून येऊन केस ओढायची. एका लहान मुलीचा हात फाडला. विश्वस्तांनी सगळी माकडं जाळीच्या गाडीत भरून कुठल्याशा दूरच्या जंगलात पाठवली. लंगडी गाडीतच मेली.

"आणि हे सगळं आमच्या हिच्यामुळे," काका म्हणाले. "चोरून खायला घालत होती. आधी नाहीच म्हणाली. आठ दिवस विचारत होतो, तेव्हा कुठे कबूल केलं."

मग त्यांनी स्वतःच विश्वस्तांपुढे जाऊन सांगितलं होतं, चूक माझ्या घरातून झाली, आणि काठी ठेवून ते घरी आले होते.

मी हत्यारांची पिशवी उचलून आत गेलो. पॅनेल दुरुस्त करताना मी तीनदा चुकीची तार जोडली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय असतं हे मला त्या दिवसापासून रोज कळत होतं. काकूंनी खायला घातलंच नव्हतं. मग त्या हो का म्हणाल्या? घरी बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, की मला सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगा. तरी मी पुढे चार महिने काढले. थांबता न येणाऱ्या माणसाला तेवढं मात्र बरोबर जमलं.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांचं घर शोधत गेलो. चाळीच्या टोकाला एकच खोली, पुढे पत्र्याचा आडोसा. काका बाजारात गेले होते. काकू धुणं वाळत घालत होत्या. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पक्कड, पुडे, खिशात घातलेली वेष्टनं, सगळं. काकांना हे सांगायला आलोय, असंही म्हणालो.

काकूंनी हातातला ओला सदरा पिळून दोरीवर टाकला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आठ दिवस ते जेवले नाहीत," त्या म्हणाल्या. "कोण, कोण, एवढंच. वेड लागेल असं वाटलं मला. म्हणून म्हटलं, मीच. त्या दिवशी जेवले."

मी म्हणालो, पण आता तरी त्यांना खरं कळायला हवं.

"वर्षभर बोलत नव्हते माझ्याशी. आता कुठे मला माफ केलंय त्यांनी. तुम्ही सांगितलंत तर त्यांना माझी माफी मागावी लागेल. काही चूक नसताना बायकोला वर्षभर छळलं, हे त्यांना झेपायचं नाही. तुम्ही सांगून मोकळे व्हाल, भाऊ. आम्हाला इथंच राहायचंय."

तेवढ्यात काका पिशवी घेऊन आले. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की भाजी दारातच राहिली. मला खाटेवर बसवलं, पोराबाळांची चौकशी केली, काकूंना चहा टाकायला सांगितला. बोलता बोलता देवळाचा विषय निघाला.

"हिच्यावर फार रागावलो होतो मी," ते म्हणाले. "पण एक सांगतो, वायरमन. चूक करतात सगळेच. समोर उभं राहून कबूल करायला काळीज लागतं. ते हिच्याकडे आहे."

काकूंनी माझ्या हातात कप दिला आणि साखर बरोबर आहे ना, असं विचारलं. बरोबर आहे, मी म्हणालो.