गुणाजी घाडीचा साठवणीचा डेटा

टिटवाळ्यात नव्या बिल्डिंगांची हद्द जिथे संपते आणि नदीकडची झुडपं सुरू होतात, तिथल्या शेवटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गुणाजी घाडी राहतो. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत शेवटची एकतीस वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरला की अजून तोंडातून "पुढे सरका, पुढे रिकामी आहे" निघून जातं. लिफ्टमध्ये माणसं तीन, आणि पुढे आरसा.

आठवड्यातले पाच दिवस गुणाजीचा मोबाईल उपास धरतो. सोमवारी सकाळी उठल्याउठल्या डेटा बंद, तो शनिवारी उजाडता चालू. त्याच्या प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतो, आणि सोमवार ते शुक्रवार त्यातलं जे उरेल ते शनिवार-रविवारी वापरता येतं. रविवार संपला की उरलंसुरलं गेलं, सोमवारपासून पुन्हा नवी साठवण. ही योजना गुणाजीला इतकी पटलेली, की जणू आपणच कंपनीला सुचवली अशा थाटात तो ती लोकांना समजावायचा. "सोमवारपासून सीट राखून ठेवायची, रविवारी खिडकीत बसून जायचं. सोपंय."

सोपं त्याला. लोकांना नव्हतं. डेपोतल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर मंगळवारी तानाजी ड्रायव्हरचे सासरे गेल्याची बातमी आली. गुणाजीने ती शनिवारी वाचली आणि लगेच हात जोडलेलं चित्र आणि दोन ओळी पाठवल्या. तोवर तानाजीने नातवाच्या बारशाचे फोटो टाकले होते. हात जोडलेले बरोब्बर पाळण्याच्या खाली येऊन बसले. तानाजीने फोन करून विचारलं, "घाडी, पोरगं चार किलोचं आहे रे, ठणठणीत. तू कोणाला श्रद्धांजली वाहिलीस?"

घरात वायफाय घेतलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण केबलवाला म्हणे दहा घरं द्या, मग इथवर वायर ओढतो. दोन वर्षांत सहा घरं तयार झाली होती.

हा सगळा खटाटोप होता पखवाजापायी. गुणाजीचं गाव कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. तिथे मारुती बुवांचं भजन मंडळ. बुवा म्हणजे पेटी घेऊन गाणारा मुख्य भजनी, आणि मारुती हा गुणाजीचा शाळेतला सोबती, दोघांनी एका मास्तरांचा मार खाल्लेला. गुणाजी सुट्टीत गावी गेला की मारुतीच्या मागे पखवाजावर बसायचा. रिटायर झाल्यावर मारुतीने त्याला सांगितलं होतं, की फेब्रुवारीत मुंबईकर मंडळींचं संमेलन आहे मानपाड्याला, तिथे आपली डबलबारी आहे. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना, एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि समोर गावची आठशे माणसं चुका टिपायला टपलेली. "तू वाजव. पण तालीम व्हयी. नायतर सायनाथ हाच हय."

सायनाथ हा वाडीतला चोवीस वर्षांचा पखवाजवाला. हात हलका, स्वभाव गरीब. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

दर रविवारी गावी जाणं शक्य नाही. म्हणून दसऱ्यापासून तालीम व्हिडिओ कॉलवर. तिकडे देवळात ग्रामपंचायतीचं वायफाय, फोन स्पीकरला जोडलेला. इकडे टिटवाळ्यात स्टुलावर डब्याला टेकवलेला मोबाईल, आणि समोर मांडी घालून गुणाजी. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला लावायला हौसाबाईकडून लिंबाएवढी कणीक मागून घ्यायचा. ती देताना म्हणायची, "द्या, वाजवून झाल्यावर परत द्या, त्याचीच चपाती घालते तुमास्नी."

हौसाबाई पाटणची. गुणाजीची पहिली पोस्टिंग पाटण डेपोला होती आणि स्टँडला लागून तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल. सुट्टे पैसे मागायला येणारा हा कोकणी कंडक्टर त्यांनी हेरला. "माझ्या बानं धावती गाडी थांबवून जावई उतरवून घेतला," असं ती आजही सांगते. चाळीस वर्षं झाली, तिची बोली तिच्याकडे, याची याच्याकडे. भांडणात दोघं आपापल्या जिल्ह्यात जातात.

तर जानेवारी संपत आली. मानपाड्याच्या आधीची शेवटची तालीम राहिली होती, तीही नेहमीसारखी सबंध तीन तासांची व्हायची होती. गुणाजीने त्या आठवड्यात डेटाला बोट लावलं नव्हतं. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसला, शिल्लक बघितली, आणि चहा तसाच ठेवून चपला घातल्या.

स्टेशनबाहेर प्रीतीचं दुकान आहे. मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स आणि फॉल-पिको, सगळं एका गाळ्यात.

"प्रीती, माझे पाच दिवस गेले."

"कुठे गेले काका?" तिने पिकोच्या मशीनवरून मान वर केली नाही.

"तेच विचारायला आलोय. सोमवारपासून जपून ठेवलेलं. आज बघतो तर काहीच नाही."

तिने फोन घेतला, दोनदा बोट फिरवलं. "काका, पॅकच संपला तुमचा काल. चौऱ्याऐंशी दिवस झाले. मेसेज आलेले ना, हे बघा, चार आलेत."

"कंपनीचे मेसेज कोण वाचतं? दिवसाला वीस येतात. कधी कॉलर ट्यून घ्या, कधी मॅच बघा."

"त्यातच हे पण होते. आता नवीन मारते. पण साठलेला होता तो जुन्या पॅकचा, तो त्याच्यासोबत गेला."

"असा कसा जाईल? न वापरलेला माल आहे माझा."

प्रीतीने मशीन थांबवलं. "काका, तुम्ही कंडक्टर होतात ना? काल मुदत संपलेला पास घेऊन कोणी गाडीत बसला, आणि बोलला की मागच्या आठवड्यात मी चार दिवस घरीच होतो, ते दिवस आज धरा. तुम्ही काय करायचात?"

गुणाजीला असे चेहरे आठवले. चांगले पाच-सहा आठवले.

"उतरवायचो," तो म्हणाला.

"मग झालं तर. वरून छोटा डेटा पॅक मारू का उद्यापुरता?"

"म्हणजे माझाच माल मला परत विकतेस?"

"मी नाही, कंपनी विकते."

"नको. रोजचा दीड आहे ना, त्यात भागवतो." आणि ताठ मानेने तो घरी आला. ताठ्याला काही डेटा लागत नाही.

रविवारी तालीम सुरू झाली. पहिला तास झकास गेला. सव्वा तास झाला आणि देवाच्या नावाचा गजर ऐन रंगात असताना मारुती बुवा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजले. थोडा वेळ गुणाजीला वाटलं, बुवांनी तान धरली आहे. मग कळलं, दीड जीबी संपला.

दोन मिनिटांत मारुतीचा साधा फोन आला. "रे, चित्र जांवदे. तुझां थोबाड बघून माका गावाचां नाय आसा. असोच वाजव, आयकाक येता चांगला."

फोन स्पीकरवर टाकला. मारुतीने गजर उचलला, गुणाजीने थाप दिली. मारुती थांबला.

"परत."

पुन्हा उचलला. पुन्हा थांबला.

"मेल्या, तू पुढे खय धावतंस? माझ्या तोंडातसून शब्द भायर पडाच्या आधी तुझी थाप पडता."

"मी बरोबर हय," गुणाजी म्हणाला. "तूच मागे रवतंस."

"चाळीस वर्सां गातंय मी. मागे रवलंय कधी?"

तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. तिकडे कुजबुज झाली आणि मग सायनाथचा आवाज आला, दबकत. "काका, विडिओत आवाज उशिरान पोचता मां. तुमची थाप आमका उशिरान पोचूक नको म्हणान तुमी आधीच मारूक शिकलास. आता उशीर नाय, पण हात तसोच पडता."

गुणाजीने पखवाजाकडे बघितलं. खरं होतं. दसऱ्यात पहिल्या तालमीला त्याची थाप तिकडे अर्ध्या मात्रेने मागे पोचायची आणि मारुती शिव्या घालायचा. म्हणून तो हळूहळू पुढे सरकत गेला. कार्तिकात जमलं. मारुती म्हणाला, आता कसो हात बसलो. तो हात बसला तो असा, की बुवाच्या आधी अर्धी मात्रा.

मग मारुती म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता म्हणून ते जास्त लागलं, "बरां झालां, आज कळलां. येत्या आयतवारी मानपाड्याक समोर बसून पयलो गजर तू घे. जमलो तर बरो. नाय जमलो तर सायनाथ बसतलो. आठशे माणसां हत रे, गुणाजी."

सोमवारी गुणाजीने उपास मोडला. डेटा चालू केला, मारुतीच्या गजरांचं रेकॉर्डिंग लावलं आणि वाजवत बसला. त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी हात पुढे. रेकॉर्डिंगमधला मारुती शिव्याही देईना, आपला गातच राहिला. तासाभराने गुणाजीने पखवाज बाजूला सरकवला आणि भिंतीला डोकं टेकून बसला.

हौसाबाई भाकऱ्या उरकून पदराला हात पुशीत बाहेर आली. "आवं, त्यो फोन बंद करा. मी म्हंते, तुमी वाजवा."

"तुला काय येतंय आमच्या भजनातलं?"

"दसऱ्यापासनं दर रविवारी तीन तास ऐकतीया. भित्ताडाला बी पाठ झालं असंल."

आणि तिने गजर उचलला. मारुतीचाच, पण पाटणच्या चालीवर नेलेला, मोकळ्या रानातला आवाज. सूर कुठे खाली, कुठे वर. पण माहेरी पंचमीला पोरींचा फेर धरायची तेव्हा पुढचा पाय हिचा असायचा, त्यामुळे लय म्हणजे दगडी जातं. ती उभी राहून गायला लागली आणि उजवा पाय फरशीवर आपटायला लागली.

"माझ्या तोंडाकडं नगा बघू. पायाकडं बघा. पाय पडला की मारायचं, आदी न्हाई."

गुणाजीने मारलं. आधीच.

"घंटी दिल्याबिगर गाडी कशी सुटली?" ती म्हणाली. "परत."

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या संचिता मॅडम वर आल्या. बाथरूमच्या फरशा फोडताय का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. हौसाबाईने त्यांना बसवून चहा दिला आणि पाय आपटणं चालू ठेवलं. मॅडमनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि जाताना म्हणाल्या, "काका, अजून थोडे घाईत आहात." मग गुरुवारीही त्या आल्या, या वेळी तक्रार नव्हती.

शुक्रवारी दहातल्या सात वेळा बरोबर पडलं. शनिवारी आठ वेळा. "दहातले दोन," गुणाजी म्हणाला. "तिथे दहादा नाही मिळणार. एकदाच."

"मंग त्यो आठातला एक मारा," हौसाबाई म्हणाली आणि इस्त्रीचे कपडे आणायला गेली.

मानपाड्याचा हॉल दुपारी तीनलाच भरला. गाववाले कल्याण-डोंबिवलीचे, ठाण्याचे, काही विरारहून आलेले. सायनाथ आपला पखवाज गवसणीत घालून घेऊन आला होता. तो त्याने मंचाच्या कडेला, हाताच्या अंतरावर ठेवला आणि गुणाजीच्या पाया पडला. मारुतीने पेटीचा भाता उघडला, गुणाजीकडे एकदा बघितलं.

गुणाजीने बायकांच्या बाजूला नजर टाकली. हौसाबाई दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिचा उजवा पाय त्याला इथून स्वच्छ दिसत होता. जरा धीर आला.

मारुतीने आलापी घेतली. नमन झालं. आता गजर. गुणाजीने पुन्हा तिकडे बघितलं, तर हौसाबाई शेजारच्या बाईच्या साडीचा काठ हातात धरून काहीतरी विचारत होती. पाठ मंचाकडे. दोन्ही पाय खुर्चीखाली.

मारुतीचा श्वास भरल्याचं त्याला ऐकू आलं. हात उचलला गेला, आणि नेहमीच्या जागी येऊन पडायला निघाला. गुणाजीने तो धरला. हवेतच, जेमतेम, भरलेल्या गाडीत दारातल्या शेवटच्या माणसाचा पाय आत येईपर्यंत घंटीची दोरी धरतात तेवढा. मारुतीच्या तोंडून शब्द बाहेर पडला. मग थाप.

मारुतीने मागे वळून बघितलं नाही. तो दुसऱ्या ओळीवर गेला. गुणाजीही गेला. तिसऱ्या ओळीला सायनाथने गवसणीतला पखवाज उचलून मंचामागे नेऊन ठेवला आणि टाळ घेऊन कोरसात येऊन बसला. खालून कोणीतरी "वा बुवा" म्हणालं.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी हौसाबाईने त्याला गाठलं. "आवं, कसं झालं पहिलं? मी त्या बाईशी बोलत बसले. तिची साडी पैठणी न्हाई, नुसता काठ तसा हाय. ऐकायचंच राहिलं."

"ऐकलंच नाहीस?"

"न्हाई बा."

तिने त्याच्या हातात चहाचा कप दिला. "मंग बरोबरच पडली असंल," ती म्हणाली. "चुकला असता तर ऐकू आलंच असतं की."