घासाघीस

मामा गेल्याचा निरोप नंदुरबारला आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो भलताच: घर विकलं गेलं होतं का? नव्हतं. सुरतेत नवागामच्या त्याच दोन खोल्यांत ते गेले. अखेरचे दिवस गावी, अमळनेरकडे, मोकळ्या हवेत काढायची त्यांची केवढी इच्छा होती... महिना उलटला, तरी ती रुखरुख जात नाही.

मामांनी उभी हयात पॉवरलूमवर काढली. मागाच्या धुळीनं छाती भरली, डॉक्टरांनी गाव गाठायला सांगितलं, तेव्हा त्यांनी घर विकायला काढलं. मी बँकेत, म्हणून भाव ठरवायला मला बोलावलं. माझं ऐकलं नाही, ते सोडा. आमच्याकडे भाव सांगायचा तो घासाघिशीला जागा ठेवूनच. मामांनीही चढाच सांगितला. पहिलंच गिऱ्हाईक, कामरेजचा एक भला माणूस, भिंतीवरून हात फिरवून गुजरातीत एवढंच म्हणाला, "चालशे." मामांचा चेहरा उतरला. "हाऊ इतला लवकर हा म्हने? भाव कमीच सांगा आपन," भाव कमी सांगून बसलो या चुटपुटीनं ते माझ्या कानाशी पुटपुटले आणि त्याला उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी भाव वाढलेला होता. त्या माणसानं चपला घातल्या आणि तो गेला.

पुढे चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. लोक मिळेल त्या गाडीनं पळाले, गल्लीतली घरं मातीमोल झाली. मामा मात्र वाढवलेल्या आकड्याला चिकटून. दाराशी खाटेवर खोकत बसायचे. कुणी आलंच तर मामी बोलायच्या आणि वाक्यागणिक मागे वळून त्यांना विचारायच्या. मला मामांचा राग यायचा, अजूनही येतो. हट्टी माणूस... पण जन्माची कमाई ज्यात घातली, ते घर कुणी एका शब्दात घेऊन जावं, हे त्यांना अपमानासारखं लागलं असावं.

परवा मी तिथे असताना एक जण घर बघायला आला. मामींनी मामांचा पहिलाच भाव सांगितला, वाढवलेला नाही. तो हसला.

"थोडुं ओछुं करो ने, मासी."

मामी सवयीनं खाटेकडे वळल्या.

"आयकं का? भाव कमी करा म्हनस तो."

खाटेवर घडी घातलेली गोधडी होती.