मानाचा पहिला विडा

आमच्या घरमालकांइतका सरकारला मानणारा माणूस खुद्द सरकारातही सापडायचा नाही. वाशीलगतच्या त्या गावात मी भाड्याने राहायला गेलो तेव्हा ते सरपंच होते, आणि रस्त्यात आडवी बसलेली म्हैससुद्धा त्यांचा शब्द मोडत नसे. बांधाची भांडणं, नळाची भांडणं, नवराबायकोची भांडणं, सगळी त्यांच्या ओट्यावर मिटत. माझं लग्न लांबतंय ही तक्रार तर माझ्या वतीने त्यांनी स्वतःच दाखल करून घेतली होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिका झाली, ग्रामपंचायत गेली आणि निवडणूक होईपर्यंत सरकारने वर एक प्रशासक बसवला. गाव खवळलं. मालकांनी मात्र पंचायतीला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि मला सोबत घेऊन किल्ली महापालिकेच्या कचेरीत नेऊन दिली. "सरकारनं सांगलं, आपन ऐकाचं," एवढंच म्हणाले. परतताना बसमध्ये हळूच विचारलं, "पन याला कुनी निवडून दिलाच नाय, त आवडला नाय त घरी बसवाचा कसा?"

त्यानंतर कोणी भांडण घेऊन आलं की ते त्याला कचेरीची वाट दाखवत, आणि तो गेला की झाडलेला ओटा पुन्हा झाडायला घेत. मला ते बघवत नसे.

नातीच्या लग्नात तर कमाल झाली. नवरी मांडवातून निघण्याआधी पहिला विडा सरपंचाला द्यायचा, ही गावची रीत. "सत्ता त्याची, त मानबी त्याचाच," म्हणत मालक प्रशासकसाहेबांना आमंत्रण देऊन आले. दारावरचा शिपाई 'बघू' म्हणाला, मालकांनी ते 'येतो' असं धरलं. झालं, मांडवात मधोमध रिकामी खुर्ची, वाजंत्री थांबलेली, नवरदेव घामाघूम, व्याही कातावलेले, आणि मालक कडक टोपी घालून रस्त्याकडे डोळे लावून उभे.

"साहेब कामाचा मानूस हाय, उशीर व्हताच."

शेवटी नवरीच उठली, तबकातला विडा तिने आज्याच्या हातावर ठेवला.

"आजा, तो नाय येनार. माझ्या लग्नाला तुमी आलाव."

"मी आता सरपंच नाय गो, बाय."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली.

वाजंत्री सुरू झाली. सासरी निघालेल्या नातीपेक्षा मालकच जास्त रडले, आणि आम्ही कोणी त्यांना आवरलं नाही.