निळ्या रंगाखालचे मासे

सात वर्षांच्या नोकरीतल्या बहुतेक केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. बारा प्लास्टिकच्या वल्ह्यांची केस मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते. वयानं निवृत्त झालेली फौजदार मी नाही. राजीनामा देऊन बाहेर पडले. आता गावोगावच्या पोरींना खेळाचं साहित्य मिळावं म्हणून पत्रकं छापते, वाटते, वेळ पडली तर तहसीलसमोर बसते. पोलिसातली बाई या भानगडीत कशी पडली, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर ही केस आहे.

चामोर्शीच्या पुढं नदीकाठी एक ढिवरांचं गाव. मासेमारी, थोडी धानाची शेती, मजुरी. तिथल्या चाळिशीतल्या एका मासेमाऱ्यानं गावतळ्यावर बारा पोरींचा नौकानयनाचा संघ उभा केला होता. बिनपगारी. सगळे त्याला भाऊ म्हणत. सरकारी योजनेतून प्लास्टिकच्या पात्यांची बारा वल्ही आली होती, ती समाजमंदिराच्या खोलीत कुलपात असायची आणि किल्ली भाऊकडे असायची.

एक दिवस साहित्य पुरवणारा ठेकेदार पाहणीला आला. खोलीत वल्ही नव्हती. कुलूप शाबूत होतं. त्यानं त्याच संध्याकाळी ठाण्यात लेखी तक्रार दिली की, प्रशिक्षकानं शासकीय साहित्य विकून खाल्लं.

कुलूप तुटलेलं नाही, किल्ली एकाकडेच. मी हिशेब लावला आणि मोकळी झाले. सकाळी भाऊला बोलवायचं, ठाण्याच्या बाकावर बसवायचं, दिवे लागले की सोडायचं. असे दोन दिवस. कागदावर अटक नाही, पण गाव सगळं पाहत होतं.

"वल्ही कुठं विकली?" माझा एकच प्रश्न.

"मॅडम, मी घरचं जाळं विकीन, पण पोरींचे वल्हे नाई विकणार जी."

"मग गेली कुठं?"

"ते तुम्हीच शोधाल म्हणून तर बसून राह्यलो."

मला तो उर्मट वाटला. गुन्हेगार जास्त बोलतो आणि निर्दोष माणूस कमी, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. समोर बसलेल्या माणसाला ते लावायचं मात्र विसरले.

तिसऱ्या दिवशी संघातल्या पुढारी पोरीचा फोन आला. तिची मावशी मोहर्लीकडच्या एका जंगल रिसॉर्टात खोल्या साफ करायची. तिथल्या तळ्यावर पाहुण्यांसाठी बोटी होत्या. मावशीनं पाहिलं की तिथली नवी वल्ही भाचीच्या वल्ह्यांसारखीच आहेत, फक्त सगळी निळी.

"निळी वल्ही जगात हजार असतील," मी म्हटलं.

"असतीन ना. पण पाहुण्यांच्या हाताले निळा रंग लागून राह्यला, म्हणते मावशी. नवीन मालाचा रंग हाताले काऊन लागंन, मॅडम?"

सतरा वर्षांची पोर मला तपास शिकवत होती. बरोबर शिकवत होती.

तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही गेलो. जप्ती पंचनामा केला, बारा वल्ही मोहरबंद केली. मॅनेजर शांतपणे म्हणाला, ती त्यांनी बाजारातून घेतली आहेत, पावती सापडत नाही, आणि ही कोणाची आहेत हे तुम्ही कसं सिद्ध करणार. प्रश्न योग्य होता. पोरींनी आपापल्या पात्यावर ऑइल पेंटनं मासा काढला होता, असं भाऊ सांगत होता. मासे असतील तर निळ्याच्या खाली असतील. नसतील, तर भाऊला अटक करायला माझ्यावर वरून दबाव होताच.

इथं मी एक चूक केली. हवालदार म्हणाले, "मॅडम, गाडीचा रंग थिनरनं झटक्यात निघते." मी म्हटलं, काढा. एका वल्ह्यावर थिनरचा बोळा फिरला. निळा निघाला, त्याच्यासोबत खालचंही निघालं, आणि प्लास्टिक पांढरं, चिकट होऊन फुगलं. काही रेषा होत्या, एवढंच कळलं. कसल्या, ते कोणीच सांगू शकलं नसतं. हुकूम माझा होता. पुरावा मी जाळला होता.

लॅबला पाठवलं तर किती महिने जातील ठाऊक नव्हतं. शेवटी हवालदारांनीच चामोर्शीच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या पेंटरचं नाव काढलं. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या नंबरप्लेटा रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. फ्लेक्स आल्यावर हाताला काम उरलं नव्हतं. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. न्यायालयाची परवानगी काढली, दोन पंच बसवले, चित्रीकरण लावलं.

चाचांनी आधी बिघडलेलं वल्हं उचललं. त्याचा वास घेतला.

"थिनर कोणी मारला?"

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मॅडम, प्लास्टिकले थिनर म्हणजे पोराच्या डोळ्यात मिरची. लोखंड आहे का हे?"

हवालदार हसले. मी हसले नाही.

त्यांनी कोमट पाणी मागितलं. कोमटच, कढत नाही, कढत पाण्यानं पातं वाकतं म्हणाले. साबणाच्या पाण्यात पाती अर्धा तास ठेवली. मग एका वल्ह्याच्या दांड्याजवळ, जिथं कोणाचं लक्ष जात नाही, अशा नखभर जागी खाण्याचं तेल लावलं आणि थांबले. शेजारच्या नखभर जागी कापसानं दवाखान्यातलं स्पिरिट लावलं आणि पुन्हा थांबले. पंच कंटाळले. एकानं विचारलं, "चाचा, झोपले का जी?"

"रंग बोलू दे ना बाबू. तू काऊन बोलून राह्यला?"

मग त्यांनी बांबूची एक चपटी कामटी घेतली, तिची धार दगडावर घासून मऊ केली आणि तेल लावलेल्या जागी निळ्याच्या कडेखाली सरकवली. निळा रंग खरवडला गेला नाही. तो उचलला गेला. उकळलेल्या दुधावरची साय बोटानं ओढावी तसा, अख्खा, पातळ, एका तुकड्यात. कॅमेरा धरलेला शिपाई आणखी जवळ सरकला.

खालून एक शेपूट निघालं. मग खवले, एकेक, काळ्या बारीक रेषेचे. मग डोळा. लाल पोटाचा मासा, जणू आत्ता पाण्यातून काढला. एकही रेषा तुटली नव्हती.

चाचांनी सालपटाची आतली बाजू बोटाला घासली. "याच्याखाली आधीच तेल आहे. आपण लावलं ते नाही, जुनं. म्हणून स्प्रेनं पकडलंच नाही. कोण लावते प्लास्टिकले तेल?"

मी पुढारी पोरीला आत बोलावलं. ती लाजली.

"आमीच लावतो. मोहाच्या बियांचं."

"कशाला?"

"आजोबा लाकडाच्या वल्ह्याले लावत होते, पाण्यातून काढलं की. वल्ह्याले कोरडं ठेवून झोपू नये म्हणते आजी. प्लास्टिक असलं म्हणून काय झालं, वल्हंच आहे ना."

चोरानं ते पुसलंही नव्हतं. तेलावरच निळा मारला होता. त्याला काय माहीत, या घरांत वल्ह्याला कसं वागवतात.

दुपारपर्यंत अकरा मासे बाहेर आले. प्रत्येकाच्या पोटाखाली एक छोटी खूण होती: कुठं दोन रेघा, कुठं फुली, कुठं अर्धा चंद्र. ढिवरांचं जाळं पाण्यावर धरून ठेवणाऱ्या लाकडी तरंगांवर प्रत्येक घराची अशी खूण डागलेली असते, पाण्यात जाळी ओळखू यावी म्हणून. आम्ही गावात जाऊन अकरा घरांचे तरंग पंचांसमोर लावून पाहिले. अकराच्या अकरा जुळले.

मासे पाहिल्यावर मॅनेजरची शांतता गेली. त्यानं मोबाइलमधले संदेश दाखवले. विकणारा होता तक्रारदार ठेकेदारच. कुलूप त्यानंच साहित्यासोबत पुरवलं होतं आणि त्याची एक जादा किल्ली गुपचूप स्वतःकडे ठेवली होती. ती त्याच्या घरात सापडली. साहित्य चोरीला गेलं की नवीन मागणी निघते, नवीन मागणी त्याच्याकडेच येते. पोरींच्या हातातलं काढायचं, पाहुण्यांना खेळायला द्यायचं आणि आळ तळ्यावरच्या माणसावर. मला आजही हे लिहिताना संताप येतो.

त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं. भाऊला मी ठाण्यात बोलावून सांगितलं, तुमच्यावर काही नाही, तुम्ही मोकळे आहात. मला वाटलं तो हात जोडेल. तो उभाच राहिला.

"मॅडम, रागावू नका. चोरीचा कागद झाला, रंग काढल्याचा कागद झाला. मले दोन दिवस इथी बसवलं, ते कुठी लिवलं?"

कुठंच लिहिलं नव्हतं. लिहायचं नसतंच ते. म्हणून तर तसं बसवतात. हवालदारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नका.

"गावानं पाहिलं मले जाताना," तो म्हणाला. "बाया आपल्या पोरी पाठवून नाई राह्यल्या तळ्यावर. मी सांगितलं तर कोण मानंन?"

मी स्टेशन डायरी ओढली. तारीख, वेळ टाकून लिहिलं की, पुरावा नसताना, केवळ माझ्या संशयावरून, या इसमास दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले; तो निर्दोष आहे. खाली सही केली. त्या नोंदीसाठी मला नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, एक बढती गेली. प्लास्टिकवर एक चुकीचा बोळा फिरवताना मी हळहळले होते. माणसावर दोन दिवस तेच केलं, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. नोकरीनं मला काय करून ठेवलं होतं, ते त्या दिवशी दिसलं.

पुढच्या रविवारी मी वर्दीत समाजमंदिरासमोर उभी राहिले आणि ती नोंद मोठ्यानं वाचली. शब्द न बदलता, माझ्या नावासकट. बाया पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. भाऊ मागं, दाराला टेकून उभा होता. वाचून झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई उठली, आपल्या पोरीला दंडाला धरून तिनं पुढं आणलं आणि भाऊसमोर उभं केलं.

भाऊनं पोरीकडे पाहिलं. "लय दिवस बुडवले तू," तो म्हणाला. "चाल, पाण्यात."