निसटलेला सागरगोटा
सागरगोटे हातात घेतले, की आमच्या गावच्या नदीवरच्या राजघाटाच्या तापलेल्या पायऱ्या आणि ओल्या धुण्याचा वास आठवतो. राज्यांच्या फेररचनेत आमचं बऱ्हाणपूर नव्या हिंदी राज्यात गेलं आणि शाळेतले पाढे हिंदीत झाले. मराठीत घडाघडा म्हणणारी मी वर्गात मुकी उभी राहिले आणि घरी येऊन रडले. आईने शेजारणीकडून हिंदी पाढा शिकून घेतला आणि घाटावर धुणं वाळेपर्यंत मला खेळायला बसवलं. गोटा उडवायचा आणि झेलायच्या आत पाढ्यातली एक ओळ म्हणायची. सागरगोट्यांत गल्लीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण त्या दुपारी तिचा गोटा सारखा निसटत होता. “अगं माय, सात सत्ते किती गं?” तिने विचारलं. “उनचास!” मी ओरडले आणि जिंकले. परवा सागरगोटे खेळताना नात पाढ्यात अडली, तेव्हा आईसारखंच मीही गोटा हळूच सोडून दिला.