ओठावरचा दोरा

शिवणाच्या हॉलमध्ये तिला सगळ्या वहिनीच म्हणायच्या. कारण शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या वन्सं तिला वहिनी म्हणायच्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची बहीण. वयानं बरीच मोठी, विधवा, भावाकडेच राहणारी. वहिनीला कामाला चिकटवलं तेही वन्संनीच. सुईखाली कापडाचा पट्टा कसा धरायचा, कॉलरचं टोक कसं मोडायचं, सारं त्यांनीच शिकवलं. आता दोघी शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवायच्या. वर ट्यूबलाइटी, खाली धाग्यांचा कचरा, आणि दिवसभर मशीनींची घरघर. घरी गेलं तरी ती कानातून निघायची नाही.

वन्संचे डोळे दगा द्यायला लागले त्याला बरेच दिवस झाले होते. शिलाई त्यांची अजून सरळ जायची, कारण ती हातांत होती. अडायचं ते सुईच्या भोकाशी. दोरा तुटला की वन्सं पायानं वहिनीच्या स्टुलाला हळूच ढोसायच्या. वहिनी बोलल्यासारखं करून वाकायची, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची आणि भोकातून सरकन ओवून द्यायची. बघणाऱ्याला वाटायचं, नणंद-भावजयींचं काही संपतच नाही. सुपरवायझर तर म्हणायचा, तुमच्या घरी बोलायला बंदी आहे का? तो सारखा घाई करा, घाई करा म्हणायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव घाईसाहेब ठेवलेलं. घाईसाहेबाला कळलं तर वन्सं मशीनवरून उठणार, हे दोघींना ठाऊक होतं.

मग हॉलमध्ये फ्लू शिरला. आधी इस्त्रीवाली पडली, मग काजं करणाऱ्या दोघी. एकेका मशीनवर फडकं पडायला लागलं. घाईसाहेबानं नळाशी साबण ठेवला, खिडक्या उघडायला लावल्या, सगळ्यांना मास्क वाटले आणि स्टुलावर उभं राहून सांगितलं की ताप असेल त्यानं घरी बसायचं, कुणी शूरपणा दाखवायचा नाही. एवढं बोलून त्यानं खोकला कोपरात दाबला आणि खाली उतरता उतरता म्हणाला, पण माल वेळेवर गेला पाहिजे. बायका मास्कच्या आड हसल्या. काजंवाल्यांची रिकामी स्टुलं बघून मात्र कुणाला हसू आलं नाही.

वहिनीचा घसा खवखवायला लागला तेव्हा तिला कळून चुकलं. अंग मोडून आलं होतं. घरी तिनं सगळं नियमानं केलं. आपला पेला वेगळा, टॉवेल वेगळा, झोपायला नवऱ्याला बाहेर काढलं. वन्संची छाती नाजूक, मागच्या थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, म्हणून त्यांच्यापासून तर ती हातभर लांबच राहिली. पण सकाळी मात्र निघाली.

"राहा की गं घरी," वन्सं म्हणाल्या. म्हणताना त्यांची नजर दुसरीकडेच होती.

"आणि तुमच्या सुईचं काय?" वहिनीनं विचारलं.

त्यावर वन्संनी चपला पायात सरकवल्या.

हॉलमध्ये वहिनी मास्क लावून बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, कॉलरी दोन-दोन दिसत होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी स्टुलाला ढोसणी बसली. वहिनी वाकली. मास्कमधून दोरा ओला कसा करणार? तिनं सवयीनं मास्क हनुवटीवर ओढला, टोक ओठांत धरलं, ओवून दिलं. वन्संनी कॉलर शिवली आणि त्याही सवयीनं खाली वाकल्या. कातरीला हात कोण लावतंय? शिलाईच्या सुरुवातीचं तेच ओलं, लोंबणारं टोक त्यांनी दातानं कचकन तोडलं.

वहिनी बघतच राहिली. घरी आपण पेला वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा ठेवला, आणि इथं वन्संच्या तोंडात स्वतःच्या हातानं आजार घालतोय. सकाळपासून किती वेळा ओवला, ते आठवायची तिला हिंमत झाली नाही.

ती उठली.

"वन्सं, मी घरी चालले."

"आत्ता? अगं, आणि दोरा तुटला तर?"

"तुटणारच. तुम्ही साहेबांना सांगा, दिसत नाही म्हणून. दातानं दोरा तोडू नका आता. आणि आधी जाऊन चूळ भरा."

"जन्म गेला माझा या मशीनवर."

"माहिती आहे. म्हणून तर एवढे दिवस ओवला."

घाईसाहेबाला तिनं लांबूनच ताप आहे म्हणून सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, स्वतःच्याच, आणि जा म्हणाला.

घरी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली. झोप येईना. डोळा लागला की स्टुलाला ढोसणी बसल्यासारखं वाटायचं आणि ती दचकायची. आत्तापर्यंत दोरा तुटला असेल. वन्सं नुसत्याच बसून राहिल्या असतील, सुईपुढे दोरा धरून, सगळ्या हॉलसमोर. आपण त्यांना उघड्यावर टाकून आलो, असं तिला वाटत राहिलं. पण परत उठून जायचंही त्राण अंगात नव्हतं.

संध्याकाळी वन्सं आल्या. दाराबाहेरच बसकण मारली, आत आल्या नाहीत.

"काय झालं?" वहिनीनं आतून विचारलं.

दोरा जेवणानंतर तुटला म्हणे. वन्संनी थोडा वेळ धडपड केली, मग स्वतःच उठून घाईसाहेबाकडे गेल्या. त्यानं ऐकून घेतलं, सुस्कारा टाकला आणि घडीच्या टेबलावर जा म्हणाला. मशीन दुसरीला दिलं. घडीचं काम उभ्यानं असतं.

"पाय राहिले नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आणि त्या घडीवाल्या बायका काय बोलतात गं. डोकं उठलं."

वहिनीला हसू आलं, त्यातच खोकला आला.

"चूळ भरली होती ना?" तिनं विचारलं.

"भरली. दहादा विचारू नकोस."

पाण्याचा वेगळा पेला वन्संनी उंबऱ्याच्या आत सरकवला आणि ताप उतरेपर्यंत कामावर यायचं नाही म्हणून बजावलं. थोड्या वेळानं बाहेर वन्संना खोकल्याची उबळ आली. वहिनी हातरुणात उठून बसली.

"पाणी पिताना ठसका लागलाय," बाहेरून वन्सं म्हणाल्या. "झोप मुकाट्यानं."

वहिनी आडवी झाली. कान मात्र दाराकडेच राहिला.